सीमेपलीकडचा दावा कुठे चालतो? न्हावा-शेव्यापासून सुरुवात

आजच्या विषयाला कायद्याच्या पुस्तकात 'खासगी आंतरराष्ट्रीय कायदा' असं भारदस्त नाव आहे. ते ऐकलं की संयुक्त राष्ट्रं, तह, सीमावाद असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. त्यातलं काहीही आज आपण घेणार नाही. आपण बोलणार आहोत अगदी साध्या भांडणांबद्दल: मालाचे पैसे बुडाले, पगार थकला, कर्ज फिटलं नाही, संसार मोडला. फरक इतकाच की यातला एक पक्ष इथे असतो आणि दुसरा परदेशात.

उरणमध्ये हा विषय घेण्याचं कारण समोरच उभं आहे. न्हावा-शेव्याचं बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. तेव्हापासून या तालुक्याच्या रस्त्यांवरून रोज जे कंटेनर जातात, त्यातला प्रत्येक कंटेनर हा एक संभाव्य आंतरराष्ट्रीय दावा आहे. समजा, नाशिकचा कांदा रीफर कंटेनरमधून दुबईला निघाला. जहाजावर झेंडा पनामाचा. मालक कंपनी ग्रीसमधली. जहाजावरची माणसं काही फिलिपिन्सची, काही रत्नागिरीची. विमा लंडनचा. वाटेत रीफर बंद पडला आणि कांदा सडला. आता नाशिकच्या व्यापाऱ्याने दावा कुठे लावायचा? नाशिकला, मुंबईला, दुबईला, लंडनला, की पनामाला?

कोर्ट अशा दाव्यात 'चूक कोणाची' हा प्रश्न पहिल्यांदा विचारतच नाही. आधी विचारतं, हे प्रकरण ऐकण्याचा अधिकार मला आहे का? मग, कायदा कोणत्या देशाचा लावायचा? आणि तिसरा प्रश्न असा की निकाल लागल्यावर वसुली कुठून होणार? आमचा अनुभव असा की अशील पहिल्या भेटीत आपली बाजू किती खरी आहे हे तासभर सांगतो, आणि तिसऱ्या प्रश्नापाशी आला की गप्प होतो. म्हणून आज आम्ही उलटीकडून सुरुवात करणार आहोत, म्हणजे वसुलीपासून. ज्याची मालमत्ता कुठे सापडते, तिथेच या कायद्याचा जीव असतो, असं आमचं मत आहे.

तरीही पहिल्या प्रश्नाचं एक टोक आधी बांधून घेऊ. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २० सांगतं, प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर वादाचं कारण पूर्णतः किंवा अंशतः जिथे घडलं तिथे दावा लावता येतो. माल इथे चढला, करार इथे झाला, तर कारणाचा काही भाग इथला. ऐकायला सोपं वाटतं. पण बिल ऑफ लेडिंगच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत एक कलम छापलेलं असतं: या करारातले वाद अमुक देशाच्या कोर्टातच चालतील. ते कोणी वाचत नाही. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं प्रकरण आलं होतं. आफ्रिकेतून कोचीनला आलेल्या काजूच्या पोत्यांत तूट निघाली. काजू कारखान्याने दावा कोचीनला लावला. बिलामागच्या अटीत इंग्लंडचं कोर्ट लिहिलेलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती अट मान्य केली. माल कोचीनचा, तूट कोचीनला मोजली, आणि भांडायला जायचं लंडनला. तेव्हा सही करण्याआधी ते मागचं पान वाचा. भिंग लागलं तर भिंग घ्या.

आता जहाजाकडे येऊ, कारण उरणकरांच्या हातात इतरांपेक्षा जास्त काही असेल तर ते हेच. परदेशी जहाजमालकाचं भारतात ऑफिस नसतं, बँकेत खातं नसतं, जमीन नसते. दावा लावला तर समन्स पाठवायचं कुठे? त्यासाठी हेगचा समन्स बजावणीचा करार आहे. भारतात तो २००७ पासून लागू आहे. त्या मार्गाने समन्स एका देशाच्या मध्यवर्ती यंत्रणेकडून दुसऱ्या देशाच्या यंत्रणेकडे जातं, आणि महिने निघून जातात. पण त्या मालकाची एक मालमत्ता अशी आहे की ती स्वतःच्या पायांनी, म्हणजे पंख्याने म्हणा, आपल्या दारात येते. ती म्हणजे जहाज.

जहाज अडकवण्याची ही युक्ती जुनी आहे. आपल्याकडे तिला पक्का पाया मिळाला तो गोव्यातल्या एका प्रकरणामुळे. १९८४ सालच्या फेब्रुवारीत एम. व्ही. एलिझाबेथ नावाचं परदेशी जहाज मुरगाव बंदरातून माल घेऊन निघालं. माल वास्कोच्या हरवान इन्व्हेस्टमेंट अँड ट्रेडिंग या कंपनीचा. कंपनीची तक्रार अशी होती की जहाजाने बिल ऑफ लेडिंग दिलंच नाही, आणि खरेदीदाराने पैसे दिले नाहीत म्हणून माल देऊ नका असं कळवूनही पलीकडे माल त्याच्या हवाली केला. म्हणजे मालही गेला आणि पैसेही गेले. एप्रिलमध्ये तेच जहाज विशाखापट्टणमला आलं. कंपनीने आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात धाव घेतली आणि जहाज अडकवलं.

जहाजमालकाच्या वकिलांनी काढलेली हरकत ऐकण्यासारखी आहे. ते म्हणाले, भारतातल्या सागरी दाव्यांचा कायदा अजून इंग्रजांच्या १८६१ च्या कायद्यावर उभा आहे. त्यात बंदरात 'आणलेल्या' मालाबद्दलचा दावा ऐकण्याचा अधिकार दिलेला आहे. हा माल तर बंदरातून 'नेलेला' आहे. शिवाय असा अधिकार मुंबई, कलकत्ता, मद्रास या जुन्या प्रेसिडेन्सी हायकोर्टांचा. आंध्र हायकोर्टाचा त्यात काय संबंध? एका शब्दाच्या दिशेवर सगळी मदार. खरं सांगायचं तर हरकत अगदीच पोकळ नव्हती, जुना कायदा तसा लिहिलेलाच होता. पण १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. स्वतंत्र देशाचं उच्च न्यायालय एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कायद्याच्या मापात कायमचं कोंबून ठेवता येणार नाही, त्याला संविधानाने दिलेला स्वतःचा अंगभूत अधिकार आहे, आणि परदेशी जहाज आपल्या पाण्यात आलं तर त्याच्यावर तो चालतो, असा त्या निकालाचा आशय. नाहीतर इथल्या व्यापाऱ्याला परदेशी जहाजाच्या मागे देशोदेशी फिरावं लागलं असतं.

संसदेने हे सगळं कायद्यात बसवायला आणखी पंचवीस वर्षं घेतली. २०१७ चा सागरी अधिकारक्षेत्र कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला आणि ते जुने इंग्रजी कायदे आपल्यापुरते रद्द झाले. मालक कुठला रहिवासी आहे हे या कायद्यात पाहिलं जात नाही. जहाज पाण्यात कुठे आहे ते पाहतात. न्हावा-शेव्यात किंवा बाहेर नांगर टाकून उभं असेल, तर मुंबई उच्च न्यायालय.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. तुमचा दावा कायद्यातल्या सागरी दाव्यांच्या यादीत बसतो हे कागदांनिशी दाखवायचं. कोर्टाला पटलं तर अटकेचा हुकूम निघतो. तो शेरीफच्या कार्यालयामार्फत जहाजावर बजावला जातो, बंदर आणि कस्टमला कळवलं जातं, आणि जहाजाला निघण्याची परवानगी मिळत नाही. बस्स. जहाजाला कोणी बेड्या घालत नाही. पण उभ्या जहाजाचा रोजचा खर्च इतका असतो की साधारणपणे मालक लवकरच वकील उभा करतो आणि बँक गॅरंटी किंवा रोख तारण भरतो. तारण भरलं की जहाज सुटतं, आणि पुढचा खटला त्या तारणावर चालतो. पनामातला, ग्रीसमधला मालक आता आपणहून मुंबईच्या कोर्टात आलेला असतो. कोणी तारण भरलंच नाही तर कोर्ट जहाजाचा लिलाव करतं. लिलावात घेणाऱ्याला ते सर्व बोज्यांपासून मोकळं मिळतं, आणि आलेली रक्कम देणेकऱ्यांत क्रमाने वाटली जाते. मात्र विनाकारण जहाज अडकवलं तर नुकसानभरपाई तुमच्या गळ्यात पडू शकते. कोर्ट तसं हमीपत्र आधी लिहून घेऊ शकतं. त्यामुळे हे हत्यार रागाच्या भरात उचलायचं नाही.

इथे ७ ऑगस्ट २०१० ची आठवण निघतेच. न्हावा-शेव्यातून निघालेलं एमएससी चित्रा आणि मुंबई बंदराकडे येणारं खलिजिया-३ यांची टक्कर झाली. चित्रा कललं, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरलं, दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली. टक्कर भारताच्या दारात, पण चित्रावर पनामाचा झेंडा, खलिजियावर सेंट किट्सचा, आणि माल कुठकुठल्या देशांतल्या लोकांचा. अशा अपघातात आणखी एक नियम आडवा येतो, जो सामान्य माणसाला अन्यायाचा वाटतो. जहाजमालकाला आपली जबाबदारी जहाजाच्या टनेजच्या हिशोबाने ठरावीक रकमेपुरती मर्यादित करून घेता येते. नुकसान कितीही होवो, त्या रकमेच्या निधीतूनच सगळ्यांनी वाटून घ्यायचं. समुद्रावरचा धंदा एका अपघाताने बुडू नये म्हणून जगभर हा नियम आहे. मच्छीमाराची जाळी तेलाने खराब होतात तेव्हा त्याला हा युक्तिवाद पटवून सांगणं कठीण जातं, आणि आम्हीही तो फार जोर लावून सांगत नाही.

जहाज सापडलं नाही, तर? मग निकाल एका देशात मिळवून दुसऱ्या देशात वसूल करावा लागतो. हे उलट बाजूने पाहिलं तर जास्त समजतं, म्हणजे परदेशातला निकाल इथल्या माणसावर कसा येऊन आदळतो. नाशिकच्या अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीवर सेलेम नावाच्या फ्रेंच कंपनीने पेटंटभंगाचा दावा लावला, तो ना फ्रान्समध्ये ना भारतात, तर इंग्लंडच्या कोर्टात. अल्कॉनने हरकत घेतली की इंग्लंडच्या कोर्टाला अधिकारच नाही. २००६ मध्ये ती हरकत फेटाळली गेली आणि त्या एका अर्जाचा खर्च म्हणून बारा हजार पौंडांहून जास्त रक्कम अल्कॉनवर बसली. अजून पेटंटबद्दल काहीच ठरलेलं नव्हतं, फक्त अर्जाचा खर्च. सेलेमने तो हुकूम घेऊन थेट नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वसुलीची दरखास्त दाखल केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०१६ मध्ये निकाल लागला: खर्चाचा हुकूम हा दंड नाही, तो इथे वसूल होतो, आणि इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे त्यावर चढणारं व्याजही.

हे शक्य झालं ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ मुळे. केंद्र सरकारने काही देशांना परस्पर-मान्यतेचे प्रदेश म्हणून अधिसूचित केलं आहे. इंग्लंड, सिंगापूर, न्यूझीलंड त्यात आहेत. त्यांच्या वरिष्ठ न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा प्रमाणित प्रतीसह इथल्या जिल्हा न्यायालयात आणला की तो त्याच न्यायालयाचा हुकूमनामा असल्यासारखा बजावता येतो. रायगडपुरतं बोलायचं तर अलिबागला. सरकारी कर आणि दंड यातून वगळलेले आहेत.

कोकणाने लक्ष द्यावं अशी एक तारीख सांगतो: १७ जानेवारी २०२०. त्या दिवशी संयुक्त अरब अमिरातीचा समावेश या यादीत झाला. आखातात नोकरीला गेलेली माणसं आपल्या जिल्ह्यात घराघरांत आहेत. तिथे नोकरी सुटली, गाडीचं किंवा क्रेडिट कार्डाचं कर्ज राहिलं, माणूस गावी परतला, आणि वाटलं की ते प्रकरण तिकडेच संपलं. पूर्वी दुबईच्या बँकेला इथे नव्याने दावा लावावा लागे, म्हणून बऱ्याचदा ती नाद सोडून देत असे. आता तिथला हुकूमनामा अलिबागच्या कोर्टात दरखास्त म्हणून येऊ शकतो, आणि तुमचं गावचं घर त्याच्या टप्प्यात येतं.

पण दरखास्त आली म्हणजे सगळं हरलं असं नाही. कलम १३ मध्ये सहा दरवाजे ठेवले आहेत. त्या कोर्टाला अधिकारच नसेल, निकाल गुणावगुणांवर दिलेला नसेल, नैसर्गिक न्याय पाळला नसेल, फसवणुकीने मिळवलेला असेल, जिथे भारताचा कायदा लागू होतो तिथे तो नाकारलेला असेल, किंवा दावा भारतातला कायदा मोडणारा असेल, तर तो निकाल इथे बंधनकारक नाही. सगळ्यात जास्त लढत होते ती 'गुणावगुणांवर' या शब्दावर. समजा तुम्हाला समन्स मिळालं, तुम्ही गेलाच नाही, आणि तिथल्या कोर्टाने 'प्रतिवादी आला नाही, म्हणून वादी म्हणतो ते खरं' एवढ्यावर हुकूमनामा दिला. तो गुणावगुणांवर नाही. उलट कोर्टाने कागद तपासून, पुरावा घेऊन निकाल दिला असेल, तर तुम्ही गैरहजर असलात तरी तो गुणावगुणांवर धरला जाऊ शकतो. तेव्हा परदेशातलं समन्स आलं तर ते फाडून टाकू नका आणि घाईने हजरही होऊ नका. एकदा हजर होऊन बाजू मांडलीत की अधिकारक्षेत्र मान्य केल्यासारखं होतं आणि पहिला दरवाजा बंद होतो.

अमेरिका या यादीत नाही. तिथला हुकूमनामा इथे आणायचा तर त्याच्या आधारे नवा दावा लावावा लागतो, तोही तीन वर्षांच्या आत. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे टेक्सासच्या फेडरल कोर्टाचा एकतर्फी हुकूमनामा घेऊन एक अमेरिकी कंपनी आली होती. इथल्या कंपनीचं दिवाळं काढा, असं तिचं म्हणणं. कोर्टाने सांगितलं, एकतर्फी हुकूमनाम्याच्या एवढ्या जोरावर नाही, आधी रीतसर दावा लावा.

या 'परदेशी' शब्दाची एक गंमत जाता जाता सांगू. नोव्हेंबर १९४८ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर वर्षभराने, ग्वाल्हेरच्या कोर्टाने एका मराठा सरदारांच्या बाजूने एकतर्फी हुकूमनामा दिला. प्रतिवादी उत्तर प्रदेशातले, ते तिथे गेलेच नव्हते. वसुलीला अलाहाबादला गेल्यावर वाद उभा राहिला, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या तारखेला ग्वाल्हेरचं कोर्ट अलाहाबादच्या दृष्टीने परदेशी कोर्ट होतं. हुकूमनामा वाया गेला. देश एक झाला तरी कोर्टांचे नकाशे सावकाश बदलतात.

कायदा कोणाचा, हा मधला प्रश्न आम्ही मुद्दाम थोडक्यात घेतो. करारात कायदा लिहिला असेल तर तो. नसेल तर करार कोणत्या देशाशी जास्त जवळचा आहे ते कोर्ट बघतं. परदेशी कायदा इथल्या न्यायाधीशाला माहीत आहे असं गृहीत धरत नाहीत, तो तज्ज्ञ आणून पुराव्याने सिद्ध करावा लागतो, आणि तो खर्च वादीच्या खिशातून सुरू होतो. गोव्याचं एक उदाहरण मात्र छान आहे. गोव्यातल्या एका कुटुंबाची मुंबईतली मालमत्ता, वारसा कोणत्या कायद्याने ठरवायचा? गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेने चालू ठेवल्यामुळे ती आता भारतीय कायदाच आहे. म्हणून इथे खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्रश्नच येत नाही, आणि गोव्याच्या अधिवासी माणसाच्या मुंबईतल्या मालमत्तेलाही तीच संहिता लागू होते.

उलटाही प्रसंग येतो: परदेशात चाललेला खटला थांबवायचा असतो. बॉम्बे हायचं तेल आणि वायू उरणला येतो, ते काढणाऱ्या ओएनजीसीचा वेस्टर्न कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिका या कंपनीशी ड्रिलिंगच्या करारावरून वाद झाला. लवाद लंडनला, करार भारतीय कायद्याखाली. निवाडा मिळाल्यावर वेस्टर्न तो पक्का करून घ्यायला अमेरिकेतल्या कोर्टात गेली, आणि इकडे ओएनजीसी निवाड्याला आव्हान देत होती. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेस्टर्नला अमेरिकेत पुढे जायला मनाई केली. आपलं कोर्ट अमेरिकेच्या कोर्टाला हुकूम देऊ शकत नाही. तो हुकूम पक्षकाराला असतो: तू तिथे जाऊ नकोस. पक्षकाराचं भारतात काही गुंतलेलं असेल तरच त्याला त्याची भीती वाटते. फिरून आपण त्याच जागी आलो, मालमत्ता कुठे आहे.

नवरा-बायकोच्या दाव्यांवर स्वतंत्र व्याख्यान लागेल. एवढंच सांगतो की १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिसुरीतल्या घटस्फोटाचा हुकूम नाकारताना नियम घालून दिला. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यातलं कारण, आणि त्याच कायद्याने अधिकार दिलेलं कोर्ट, असं असेल तरच परदेशी घटस्फोट इथे मानला जाईल. अपवाद आहेत: उदाहरणार्थ, दुसऱ्या पक्षाने स्वेच्छेने हजर होऊन दावा लढवला असेल किंवा संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतून पोस्टाने आलेला कागद हातात घेऊन बसलेल्या मुलीने तो कागद म्हणजे शेवट आहे असं समजू नये.

व्याख्यानानंतर श्रोत्यांपैकी एका ताईंनी विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर इथे देतो, कारण ते बऱ्याच घरांना लागू पडेल. त्यांनी विचारलं, मुलगा परदेशी झेंड्याच्या जहाजावर आहे, पगार थकलाय, एजंट फोन उचलत नाही, इथून काही करता येतं का?

ताई, येतं. खलाशाचा पगार आणि घरी परतण्याचा खर्च यांचा बोजा जहाजावरच बसतो, आणि २०१७ च्या कायद्यात अशा बोज्यांच्या क्रमात तो पहिला आहे, बंदराच्या थकबाकीच्याही आधी. जहाज विकलं गेलं, मालक बदलला, तरी तो बोजा जहाजाबरोबर जातो. खलाशाला त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, पगार देय झाल्या दिवसापासून. नोकरीचा करार, पगाराच्या स्लिपा, सीडीसीची प्रत आणि कॅप्टनशी झालेले मेसेज मुलाकडून आजच मागवून घ्या, जहाजाचा आयएमओ क्रमांकही लिहून ठेवा. नाव आणि झेंडा बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. ते जहाज भारतातल्या ज्या बंदरात येईल, तिथल्या अधिकार असलेल्या उच्च न्यायालयात जाता येईल. त्यामुळे ते सध्या कुठे आहे आणि पुढे कुठे निघालंय, यावर लक्ष ठेवायला घ्या.